हुकूम बापाचा, हात आईचा

आमचे आजोबा उन्हाळ्यात ओट्यावर बसून दोरखंड वळायचे. घायपाताचा वाख भिजवायचा, झोडपायचा, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि मग तीन पेड एकमेकांत अशा सफाईनं जायचे की कुठे गाठ नाही, कुठे सैल नाही. बेंदराला बैलांच्या शिंगांचे गोंडेसुद्धा ते घरीच विणायचे. त्यांना तीन मुली. त्यातल्या एकीच्याही केसांना त्यांनी जन्मात हात लावला नाही. मोठ्या आत्याला मी मुद्दाम विचारलं, तर ती तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "अरे, बाप कधी वेणी घालतो व्हय?"

मराठीत दोरीलाही पेड असतात आणि वेणीलाही. बैलाच्या शेपटीचा गोंडा ज्याला बांधता येतो त्याला पोरीची रिबीन बांधता येत नाही, असं कसं होईल? पण 'पुरुषाच्या हाताला ते वळण नसतं' हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते खरं वाटतं. ज्या महाराष्ट्रात बालगंधर्वांच्या अंबाड्याची आणि गजऱ्याची नक्कल घरंदाज बायका करत होत्या, तिथे तर असं म्हणायची सोयच नाही. रंगभूमीवर पुरुषांनी खोपे घातले, गजरे माळले, आणि ते बघायला तिकिटं लागली. हात होतेच. ते घरात वापरायचे नव्हते, एवढंच.

मी हे लिहितोय त्याला कारण माझी लेक. आता साडेआठ वर्षांची आहे. तिचे केस कुरळे; म्हणजे नुसत्या लाटा नव्हेत, स्प्रिंगा. तिच्या आईच्या आईकडून आलेले. बायको सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. सकाळची पाळी असली की साडेसहाला घर सोडते. लेक पहिलीत गेली आणि शाळा सकाळची झाली, तेव्हा वेणी माझ्या वाट्याला आली. मी काही स्त्रीपुरुष समता वाचून फणी हातात घेतली नव्हती. दारात रिक्षा उभी होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी जे केलं ते आठवलं तरी कसंतरी होतं. कोरडे केस, बारीक दातांची फणी, आणि मुळापासून खाली सरळ ओढ. ती रडायची, मी ओरडायचो, फणीत मूठभर गुंतवळ यायचं. वर मी तिलाच म्हणायचो, "तुझे केसच असले आहेत." तिचे केस काही असले-तसले नव्हते. मला ते माहीत नव्हते.

माहिती करून घ्यायला मला सहा महिने लागले. कुरळा केस त्वचेतल्या ज्या पिशवीतून उगवतो ती पिशवीच वाकडी असते, म्हणून केस बाहेर येतानाच वळण घेऊन येतो. टाळूला सुटणारा तेलकटपणा सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातो; कुरळ्या केसावर तो प्रत्येक वळणाला अडतो. म्हणून मुळाशी चिकट आणि टोकाला वाळका चारा. अशा केसांत रोज सकाळी कोरडी फणी घालणं म्हणजे रोज थोडे तोडणं. ते ओले असताना, कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं सोडवायचे. सुरुवात टोकापासून. गुंत्याच्या वरचा केस मुठीत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ मुठीत थांबते, टाळूपर्यंत जात नाही. ही एक युक्ती मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर एका पोरीचं सहा महिन्यांचं रडणं वाचलं असतं. शाम्पू फक्त टाळूला. पुसायला खरखरीत टॉवेल नको, माझा जुना बनियन उत्तम. मग जवसाचं जेल: दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे, पाण्याला तार सुटू लागली की गरम असतानाच फडक्यातून गाळायचं. गार होऊ दिलंत तर ते फडक्यातून उतरत नाही आणि तुम्ही ओट्यापाशी शेंबडासारखा गोळा पिळत उभे राहता. आमच्याकडे जवसाची चटणी करणारी माझी आई हे बघून म्हणाली, "चांगल्या जवसाचं काय वाटोळं चालवलंय?" पंधरा दिवसांनी तिनंच नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि काही बोलली नाही. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

आता खऱ्या शाबासकीबद्दल. लेकीचे केस मी करतो हे कळल्यापासून माझं जेवढं कौतुक झालं तेवढं नोकरीत वीस वर्षांत झालं नाही. शेजारच्या काकू बायकोला म्हणतात, "नशीबवान आहेस गं." लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी बायका येऊन सांगतात, "असा बाप पाहिला नाही." ती पहिलीत जाईपर्यंत सहा वर्षं तिची आंघोळ, तेल, उवा, जावळानंतरचं खरूज असं सगळं बायकोनं केलं. तिला कुणी नशिबाचं काही बोललं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. पोरंबाळं, म्हातारी, आजारी माणसं सांभाळण्यात बायका १३४ मिनिटं, पुरुष ७६. आणि ही सरासरी जे हे काम करतात त्यांचीच. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत एक होते. वेणीची पंधरा मिनिटं या हिशोबात कुठे दिसणारही नाहीत. मला टाळ्या मिळतात त्या कामाच्या नाहीत, अपवादाच्या आहेत. अपवादाला टाळ्या वाजत राहिल्या की नियमाला धक्का लागत नाही.

पण कामाची वाटणी हा माझा मुख्य मुद्दा नाही. वाटणी म्हटलं की भांडी, कपडे, वेणी हे एका यादीत बसतात. केस त्या यादीत बसत नाहीत. भांड्यांनी कसं दिसावं याबद्दल समाजाचा आग्रह नसतो. बाईच्या केसांबद्दल मात्र समाजाला नेहमी काही ना काही म्हणायचं असतं. आणि आपल्याकडची रीत अशी, की म्हणायचं पुरुषांनी आणि करायचं दुसऱ्या कुणीतरी. केस मोकळे सोडायचे नाहीत, हा बापाचा किंवा सासऱ्याचा शब्द. बांधून द्यायचे आईनं. मुलग्याचं बघा. रविवारी बाप त्याला सलूनला नेतो, खुर्चीत बसवतो आणि सांगतो, "बारीक करा." तिथेही हुकूम बापाचा आणि हात न्हाव्याचा.

या हुकुमाचं सगळ्यात भयंकर रूप आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलंय. उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की दहा-बारा वर्षांच्या पोरीच्याही डोक्यावर वस्तरा फिरायचा, आणि तो एकदाच नाही, केस वाढतील तसा पुन्हा पुन्हा, जन्मभर. न्हाव्याला निरोप कोण धाडायचं? सासरा, दीर, आणि मुलगी माहेरी असेल तर खुद्द बाप. त्या बापांना मुलीची माया नव्हती असं मी म्हणणार नाही. अनेकांनी आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसले असतील. पण मागच्या अंगणात पोरगी वस्तऱ्याखाली मान घालून बसलेली असताना ते तिथे नसायचे. हुकूम देणाऱ्याला तिथे असावं लागत नाही, हाच तर हुकुमाचा फायदा.

तिथे असायचा तो न्हावी. धर्मशास्त्र, पंचांग, चारचौघं, सगळे ओसरीवर. आणि केसांचे पुंजके जमिनीवर पडताना पाहणारा, हाताखालच्या पोरीचा थरथराट बोटांना लागणारा माणूस हा एकटाच. १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे तिच्या मागे होते. विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असं त्या सभेत ठरलं. सुधारकांनी लेख लिहिले, व्याख्यानं दिली, त्यांचं ऋण आहेच. पण मला ही सभा जास्त मोठी वाटते. हुकूम देणारे विचार करत बसले होते, तेव्हा हातांनी नकार दिला.

हातात काम असलं की नकाराची ताकद येते, असं माझं म्हणणं आहे. आणखी एक दाखला देतो. बाईच्या केसांत गुंता झाला, तो बरेच दिवस सुटला नाही, घट्ट होत गेला, की आपल्याकडे कुणीतरी म्हणतं: जट आली. देवीचं बोलावणं आहे. मग त्या केसांना फणी नाही, कात्री नाही, कित्येकदा पाणीही नाही. मान दुखते, उवा होतात, घाण वास येतो, आणि लोक तिच्या पाया पडतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याच्या चालीत या जटेचा हात मोठा होता; महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ती चाल बंद करायला स्वतंत्र कायदे करावे लागले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं घरोघर जाऊन, समजावून, बायकांच्या जटा काढताहेत. त्यात पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं नाव सगळ्यांत ठळक. त्या आधी ब्यूटी पार्लर चालवायच्या. मला यात मोठा अर्थ दिसतो. जट ही दैवी नाही, न सोडवलेला गुंता आहे, हे भाषणात सांगणं वेगळं आणि आयुष्यभर केस हाताळलेल्या बोटांनी ते ओळखणं वेगळं. जट आलेल्या बाईच्या घरातल्या कुणी, बापानं म्हणा, भावानं म्हणा, तो गुंता सुपारीएवढा असतानाच ओला करून सोडवला असता तर देवीला बोलावणं धाडायची वेळच आली नसती.

लेकीच्या केसांपायी मी रात्री मोबाइलवर जे काही बघत गेलो त्यातलं निम्म्याहून जास्त अमेरिकेतल्या काळ्या बापांनी केलेलं होतं. बांधा मोठा, हातावर गोंदण, मांडीत चार वर्षांची पोर, आणि बोटं कंगव्याच्या टोकानं भांग पाडताहेत. सुरुवातीला मी फक्त कृती बघायचो. नंतर लक्षात आलं की या माणसांच्या मागे आपल्यापेक्षा फार लांबचा आणि कडू इतिहास आहे.

१७८६ साली आजच्या अमेरिकेतलं लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होतं. तिथल्या गव्हर्नर मिरो यानं फर्मान काढलं की स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय बायकांनी डोक्याला फडकं बांधावं. त्यांच्या केशरचना गोऱ्यांच्या डोळ्यांत सलत होत्या. बायकांनी फडकी बांधली, पण रंगीत, पिसं आणि खडे लावून, अशी की फर्मानाचीच फॅशन झाली. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीनं माणसांचे वंश कागदावर नोंदवायचं ठरवलं, तेव्हा शंका असलेल्या माणसाच्या केसांत पेन्सिल खोचून बघत. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. एका पेन्सिलीवर घर, शाळा, लग्न ठरायचं. एकाच घरातली भावंडं दोन वंशांत गेल्याचे दाखले आहेत. ती राजवट गेली तरी पेन्सिल पुरती पडली नव्हती. २०१६ साली प्रिटोरियातल्या एका नामांकित कन्याशाळेत काळ्या मुलींना केस 'नीट' करायला सांगत होते, म्हणून मुलीच आंदोलनाला उभ्या राहिल्या. त्यांत पुढे होती तेरा वर्षांची झुलैखा पटेल, डोक्याभोवती केसांचा मोठा गोल घेऊन.

अमेरिकेत फर्मान गेलं, पण 'नीटनेटकं' हा शब्द राहिला. नीट म्हणजे सरळ. मग पिढ्यान्‌पिढ्या आयांनी मुलींचे केस तापवलेल्या लोखंडी कंगव्यानं किंवा रिलॅक्सर नावाच्या रसायनानं सरळ केले. जुन्या रिलॅक्सरांमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असायचं, म्हणजे तुंबलेली मोरी साफ करायला जे वापरतात तेच. टाळू भाजायची. तिथल्या काळ्या लोकांच्या बोलीत मानेवरच्या बारीक, सगळ्यांत घट्ट कुरळ्या केसांना 'किचन' म्हणतात. ओढून सरळ करताना सगळ्यांत जास्त त्रास तिथेच. २०२२ साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तेहेतीस हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या. केस सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५. त्या रसायनांनीच तो होतो हे यातून सिद्ध झालेलं नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. पण 'नीट दिसण्या'ची किंमत कुणी मोजली, एवढं तर दिसतंच.

अशा मुलखात काळा बाप मांडीवर पोरीला घेऊन तिचे केस आहेत तसे जपायला शिकतो, तेव्हा तो दोन खोट्या गोष्टी एकदम खोडतो. एक, तुझे केस मुळात चुकीचे आहेत. दुसरी, काळा बाप घरात नसतोच. दुसरी तर अमेरिकेनं इतकी घोकली आहे की आपल्यालाही पाठ आहे. २०१३ साली तिथल्या सरकारच्याच रोगनियंत्रण केंद्रानं बापांच्या पाहणीचा अहवाल काढला. पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या बापांपैकी मुलांना रोज आंघोळ घालणं, कपडे घालणं, लंगोट बदलणं असलं काम करणारे काळे बाप ७० टक्के निघाले, गोरे ६०. लेकीचे केस पहिल्यांदा विंचरायला निघालेल्या अशाच एका काळ्या बापावरच्या छोट्या ॲनिमेशनपटाला २०२० साली ऑस्कर मिळालं. तो बनवणारा पूर्वी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळलेला होता. लोकांनी त्यासाठी आपल्या खिशातून पैसे जमवले होते. दाखवायचं काय, तर गुंता आणि कंगवा. पण ते बघायला लोक किती भुकेले होते!

कायदेही झाले. केसांच्या पोतावरून किंवा वेण्या, जटांसारख्या रचनेवरून शाळेत, नोकरीत भेदभाव करायचा नाही, असा कायदा कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये पहिल्यांदा केला. नंतर वीसहून अधिक राज्यांनी. देशपातळीवर तो २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये अडकला. टेक्सासमध्ये कायदा असूनही एका काळ्या मुलाला केसांपायी महिनोन्‌महिने वर्गाबाहेर बसवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला: कायदा पोताबद्दल बोलतो, लांबीबद्दल नाही. हुकूम देणाऱ्याला पळवाट कायद्यातही सापडते.

आमच्या लेकीची आणि त्या मुलींची मी बरोबरी करत नाही. कुरळ्या केसांवरून इथे कुणाचा वंश ठरवला गेला नाही, कुणाची जमीन गेली नाही. तिला वर्गात 'मॅगी' म्हणतात, एवढंच तिचं दुःख. पण नीटनेटकेपणाची आपली पेन्सिल वेगळी आहे, आणि ती आपल्या घराघरात आहे. केस विस्कटलेले दिसले की आजी काय म्हणते? "काय पालावरच्या पोरीसारखी झिंज्या सोडून फिरतेस!" हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलंय आणि त्यात जात आहे हे कळायला मला चाळिशी उजाडावी लागली. तेल नसलेले, भुरकट, राठ केस म्हणजे घाणेरडी पोर, असं आपण मानत आलो. तेलाला पैसे लागतात. विंचरणाऱ्या बाईकडे सकाळची फुरसत लागते. उसाच्या फडावर पहाटे चारला उतरणाऱ्या आईकडे ती नसते. आणि प्रथिनं पोटात गेली नाहीत की केसांचा काळा रंग उतरून ते तांबूस होतात, हे कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. आपण ज्याला गबाळेपणा म्हणून हसलो त्यात कितीदा तरी भूक होती.

आता शाळांकडे येतो, कारण आजचा हुकूम तिथून येतो. 'मुलींनी केसांना तेल लावून, दोन वेण्या घालून, रिबिनी बांधून यावे.' डायरीच्या तिसऱ्या पानावर, नखं कापण्याच्या वर. या नियमामागे पूर्वी कारण होतं: उवा, लांब केस, मोकळे सोडले तर एकमेकींत अडकतात. ते कारण 'केस स्वच्छ आणि बांधलेले असावेत' एवढ्या वाक्यात मावतं. तेल कशाला? दोनच वेण्या कशाला? कुरळे केस चापूनचोपून दोन वेण्यांत बसवायचे तर रोज कोरडे ओढावे लागतात, आणि रोज घट्ट ओढलेल्या केसांचा कपाळाकडचा आणि भांगाकडचा पट्टा विरळ होत जातो; वर्षानुवर्षं ओढलं तर ते केस परत येत नाहीत. हे काही कुरळ्यांपुरतं नाही. तुमच्या ओळखीतल्या चाळिशीच्या बायकांचा भांग बघा. हा नियम बनवणाऱ्या समितीत एखाद्या तरी माणसानं सकाळी सव्वासहाला रडणाऱ्या पोरीच्या केसांत कंगवा घातला असता, तर ते वाक्य तसं लिहिलं गेलं नसतं असं मला वाटतं.

म्हणून बापांनी वेणी शिकावी असं मी म्हणतो. गोड दिसतं म्हणून नाही, आणि बायकोला मदत म्हणूनही नाही ('मदत' हा शब्द ऐकला की माझी बायको भुवई वर करते). घराबाहेर शब्द अजून बापाचाच चालतो. शाळेच्या सभेत, गावच्या पंचांत, भावकीत. शब्द ज्याचा चालतो त्याच्या हाताला गुंत्याची ओळख असली पाहिजे.

यात एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. बाप काम शिकला आणि हुकूमही त्याच्याकडेच राहिला, तर पोरीची सुटका कुठे झाली? मागच्या मे महिन्यात लेकीनं क्राफ्टच्या कात्रीनं कपाळावरचे केस स्वतःच कापले. वाकडेतिकडे, एका बाजूला नखभर. मी इतका चिडलो की बायको मध्ये पडली. चिडलो कशासाठी? त्या केसांवर मी दोन वर्षं मेहनत केली होती. माझे जवस, माझे रविवार. रात्री कळलं की मी तिचे केस माझे समजत होतो. सासऱ्यानं वस्तरा धाडणं आणि बापानं कात्रीवर हक्क सांगणं यांत अंतर खूप आहे, मान्य. पण रस्ता तोच. तेव्हापासून मी विचारतो: आज काय करायचं? कधी ती म्हणते, काहीच नको. काहीच नको हे उत्तर पचवायला मला चौपेडी वेणीपेक्षा जास्त वेळ लागला. याच कारणानं मी तिच्या केसांचा एकही व्हिडिओ कुठे टाकत नाही. शिकलो मी दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून, हे खरं. त्यांच्यावर दगड मारत नाही. पण पोरगी रडत असताना मोबाइल स्टँडवर लावलेला दिसला की मी तो बाप सोडून पुढे जातो.

एका चुलतबहिणीनं वेगळाच प्रश्न केला: मुलगी मोठी होतेय, बापानं किती दिवस हात लावायचा? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की रोज सकाळी जिला 'ओढलं का? थांबू का?' असं विचारलं जातं आणि जिनं 'थांब' म्हटल्यावर हात खरंच थांबतो, ती पोरगी कुणाचा हात कधी थांबवायचा हे इतर पोरींपेक्षा लवकर शिकते. उद्या ती मला म्हणाली, बाबा आता पुरे, तर पुरे.

जूनमधल्या पालकसभेत मी उभा राहिलो. नियम बदलून 'स्वच्छ आणि बांधलेले' एवढंच ठेवावं, म्हणालो. तेलाचं सांगितलं, ओढीचं सांगितलं. मुख्याध्यापिका सौजन्यानं म्हणाल्या, "सर, तुमच्या मिसेस नाही आल्या का? हे लेडीजचे विषय." तीस-पस्तीस आया होत्या, दोघी-तिघींनी माना हलवल्या. बाप आम्ही सहा. बाकीचे पाच मोबाइलमध्ये. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि मग पावसाळी बुटांवर पाऊण तास चर्चा झाली.

बाहेर पार्किंगमध्ये गाडी काढत होतो, तर त्या पाचांतला एक जण हेल्मेट हातात घेऊन आला. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, लिखांना काय करता हो तुम्ही?"

म्हटलं, केस ओले करा, भरपूर कंडिशनर लावा, बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत, दर वेळी पांढऱ्या फडक्याला पुसून बघायची. चार-चार दिवसांच्या अंतरानं चार वेळा. मधे सोडायचं नाही, कारण राहिलेल्या लिखा आठवड्याभरात फुटतात.

त्यानं मोबाइल काढला आणि लिहून घेतलं.